हॉलंडच्या लग्नाला निघालेले बशीरभाई

बशीरभाईंना कोणी लहानसा प्रश्न विचारला, तर विचारणाऱ्याने आधी बसून घेतलेलं बरं असायचं. "जेवलात का?" या प्रश्नाचं त्यांचं उत्तर बाजारात सुरमई कशी मिळाली नाही इथून सुरू व्हायचं आणि हो की नाही ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

मी कुवेतला नोकरीला गेलो तेव्हा तिथे आपल्या रुपयाच्या जागी दिनार नुकताच आला होता आणि जुने लोक सवयीने दिनारालाही रुपया म्हणत. आमची कंपनी बंदरावर आलेला माल सोडवून देण्याचं काम करी. मी हिशेबाच्या टेबलावर, आणि बशीरभाई मुकादम बाहेरच्या कामावर. सरकारी कचेरी असो, जकातीचं गोदाम असो, जिथे शिक्का मारून हवा असेल तिथे ते जायचे. उंच, सडपातळ, पांढरी पॅंट, कडक इस्त्रीचा शर्ट आणि वाऱ्यात धूळ उडत असली तरी चकचकीत बूट. गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावरचं. घरी कोकणी मराठी, बाजारात अरबी, ऑफिसात हिंदी, आणि इंग्रजी गरजेपुरती. या चारही भाषा ते एकाच वाक्यात वापरत आणि समोरच्याला त्यातली एक तरी लागू पडायची.

आल्या आल्या त्यांनी मला जवाजातमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कागदपत्रांच्या कचेरीत नेलं. खिडकीतल्या साहेबाने माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. बशीरभाई बोलायला लागले. साहेबाने पेन खाली ठेवलं, मग चहा मागवला, मग माझ्याकडे अतिशय कौतुकाने बघितलं आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "त्यांना काय सांगितलंत?"

"काय नाय ओ देसाई. तुमची ओळख करून दिली."

"पण तुम्ही तर मला ओळखत नाही."

"म्हणून तर जरा वेळ लागला."

बंदरावर एकदा चहाच्या पेट्या अडकल्या होत्या. जकातीचा साहेब रजेवर, त्याच्या जागी आलेला तरुण अधिकारी कडक. बशीरभाई सकाळी गेले आणि दुपारी पेट्या घेऊन परत आले. लाच दिली असेल असं आमच्या मॅनेजरला वाटलं. बशीरभाईंना ते लागलं. "मी त्याला माझ्या मावशीच्या गुडघ्याचं सांगितलं," ते म्हणाले. "त्याच्या आईचा पण गुडघा दुखतो. मग आम्ही लेपाचं बोललो. पेट्यांचा विषयच निघाला नाय. त्या त्याने आपणहून सोडल्या."

असा हा माणूस एका सकाळी ऑफिसात आला आणि गप्प बसला. मी हिशेबाची वही मिटली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

त्यांच्या गावचा कासम नावाचा खलाशी बोटीवरून उतरून निरोप घेऊन आला होता. बशीरभाईंचा धाकटा भाऊ युसुफ बोटीच्या इंजिनात कामाला होता. हॉलंडच्या बंदरात त्याचं पोट दुखायला लागलं, ऑपरेशन झालं, बोट त्याला सोडून पुढे गेली. बरा होईपर्यंत तो एका पाववाल्याकडे खोली घेऊन राहिला, आणि आता त्या पाववाल्याच्या मुलीशी लग्न करणार होता. ही बातमी गावात आईच्या कानावर गेली होती. आईने कासमबरोबर कुवेतला निरोप पाठवला होता: जा आणि धरून आण.

"मुलीचं नाव काय?" मी विचारलं.

"रीत."

"काय?"

"रीत. तिकडे बायकांचं असं नाव असतं म्हणे. आई म्हणते, नाव रीत आणि करणी सगळी बिनरीतीची."

मला हसू आवरेना. बशीरभाई माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनाही हसू फुटलं. तेवढ्यातच त्यांनी ठरवलं की मी बरोबर यायचं. माझी रजा साठलेली होती. "तुमचं इंग्रजी आणि माझं तोंड," ते म्हणाले, "एवढ्यावर आपण कुठे पण जाऊ."

युरोपात जायला कोणत्या देशाचा व्हिसा लागतो आणि कोणत्या नाही, याबद्दल कुवेतमधल्या प्रत्येक माणसाला माहिती होती आणि ती प्रत्येकाची वेगळी होती. न्हावी म्हणाला, इटलीचा मिळाला की सगळीकडचा मिळाल्यासारखाच. आमचा पॅलेस्टिनी टायपिस्ट म्हणाला, इटलीचं नाव काढू नका, स्वित्झर्लंड धरा. जर्मनीला आपल्या पासपोर्टावर व्हिसा लागतच नाही, असं एकजण छातीला हात लावून सांगे, तर लागतो आणि फोटोत कान दिसावे लागतात, असं दुसरा. बशीरभाईंनी सगळ्यांवर विश्वास ठेवला. कान दिसणारे फोटो काढून घेतले, न दिसणारेही काढून घेतले.

त्या काळी आपल्या पासपोर्टावर तो कोणकोणत्या देशांत चालेल त्यांची नावं लिहिलेली असत. नाव नसेल तर तिथे जायचं नाही. आम्ही आपल्या वकिलातीत नावं वाढवायला गेलो.

"कोणते देश लिहू?" तिथल्या गृहस्थांनी विचारलं.

"सगळे लिहा," बशीरभाई म्हणाले.

"सगळे नावाचा देश नाही."

मग नकाशा बघून वाटेतले देश ठरले. इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी, हॉलंड. गृहस्थ म्हणाले, "बेल्जियम लिहू का? शेजारीच आहे." बशीरभाईंनी नकाशावर बोट फिरवलं. "नको. तिथे आपलं कोणी नाय."

निघायच्या आदल्या दिवशी बशीरभाई सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात गेले आणि जरीचा हिरवा पोशाख घेऊन आले. नवरीचा. बॅगेत एका बाजूला तो पोशाख आणि दुसऱ्या बाजूला युसुफला परत आणण्याचं विमानाचं तिकीट. मी दोन्हींकडे बघितलं.

"नक्की काय करायला निघालोय आपण?"

"ते अजून ठरलं नाय," ते म्हणाले. "पण दोन्हीची तयारी असलेली बरी."

व्हिसे काढायला बैरूतला जावं लागे. वकिलाती सगळ्या तिथे. समुद्रकाठच्या त्या शहरात आम्ही नुसते धावत होतो. इटलीवाले म्हणाले, तुम्ही आमच्या देशातून पुढे जाणार ना, मग पुढच्या देशाचा व्हिसा दाखवा. स्वित्झर्लंडवाले म्हणाले, पुढचा दाखवा. म्हणजे शेवटच्या देशापासून उलटं यायचं. आम्ही हॉलंडच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही इथपर्यंत येणार कसे? वाटेतल्या देशांचे व्हिसे दाखवा."

मी कपाळाला हात लावला. बशीरभाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. बाईंनी चूक केली होती. त्यांनी विचारलं होतं, "जाण्याचं कारण?"

या प्रश्नाला 'पर्यटन' असं उत्तर द्यायचं, हे मी बशीरभाईंकडून घोकून घेतलं होतं. त्यांनी 'पर्यटन' म्हटलं. मग म्हणाले, "आणि माझा भाऊ." मग पोटदुखी आली, ऑपरेशन आलं, पाववाला आला, आई आली. मी इंग्रजीत सांगत होतो, पण त्यांचे हात माझ्यापेक्षा भराभर भाषांतर करत होते. शेजारच्या टेबलावरचा कारकून काम टाकून ऐकायला आला.

"मग तुम्ही हे लग्न मोडणार?" बाईंनी विचारलं.

"ते अजून ठरलं नाय."

बाईंनी शिक्का हातात घेतला. मग म्हणाल्या, "मुलीला बघितल्याशिवाय ठरवू नका," आणि व्हिसा दिला.

पुढच्या कचेऱ्यांत व्हिसा राहिला बाजूला, सगळे सल्लाच द्यायला लागले. स्वित्झर्लंडच्या माणसाने मुलीच्या बापाचं दुकान स्वतःचं आहे की भाड्याचं, ते विचारून घ्यायला सांगितलं. इटलीच्या कचेरीतल्या म्हाताऱ्या साहेबाने डोळे पुसले, शिक्का मारला आणि बशीरभाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. जर्मनीच्या कचेरीत आम्हाला व्हिसा लागत नाही म्हणून सांगितलं आणि दाराकडे बोट दाखवलं. बशीरभाईंना फार वाईट वाटलं. "एवढं मोठं राष्ट्र," ते पायऱ्या उतरताना म्हणाले, "आणि काय एक विचारायचं नाय त्यांना?"

बैरूतहून इटलीला बोटीने. या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण बशीरभाई बोलले नाहीत. बोटीने किनारा सोडला तशी त्यांना समुद्र लागला, आणि ते डेकवर डोळे मिटून पडून राहिले. पिढ्यान्‌पिढ्या खलाशांचं घराणं, आणि हा माणूस लिंबू हुंगत पडलेला. जिनोआच्या धक्क्यावर पाय टेकले आणि जमीन हलत नाही याची खात्री पटली, तसे ते हमालाशी बोलायला लागले.

रेल्वेत स्विस सीमेवर जकातीचा माणूस आला. गुबगुबीत, लाल गालांचा. बॅग उघडली तर वर जरीचा पोशाख. त्याने तो दोन बोटांनी उचलला.

"हा कोणाचा?"

"नवरीचा."

"लग्न कधी आहे?"

"होईल की नाय ते सांगता येत नाय."

त्याने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. बशीरभाईंनी जागा करून दिली, तो बसला. गाडी सुटायची शिट्टी झाली तरी तो बसलेलाच होता, आणि पुढच्या स्टेशनपर्यंत आमच्याबरोबर आला. उतरताना म्हणाला की त्याच्या बहिणीने इटालियन माणसाशी लग्न केलं तेव्हा घरात असाच गोंधळ झाला होता, आणि आता तोच जावई सगळ्यांचा लाडका आहे.

"ऐकलंत?" मी म्हणालो.

"ऐकलं," बशीरभाई म्हणाले. "पण त्याच्या बहिणीला माझ्या आईसारखी आई नव्हती."

हॉलंडला पोचलो तेव्हा युसुफ स्टेशनवर आला होता. थोरल्या भावासारखाच उंच, पण हाडापेराने मजबूत, आणि बोलायला अजिबात तयार नसलेला. त्याने बशीरभाईंच्या हातातली बॅग घेतली, एवढंच. शेजारी पिवळ्या केसांची, ठसठशीत, हातावर पिठाचे पांढरे डाग तसेच असलेली रीत उभी होती. तिने युसुफकडून एक वाक्य शिकून ठेवलं होतं. ते तिने मोठ्याने म्हटलं: "बशीरभाई, दमलाव काय?"

बशीरभाईंनी तोंड उघडलं आणि काहीच बोलले नाहीत. मला काळजी वाटली, कारण आता बोट नव्हती.

गाव लहान होतं, बेल्जियमच्या सरहद्दीजवळचं. पाववाल्याचं दुकान स्वतःचं होतं. बशीरभाईंनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. सासरा गप्प, युसुफ गप्प, मी पाहुणा. बोलणारे दोघेच, बशीरभाई आणि रीत, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी ते स्वयंपाकघरात तासन्‌तास बोलायचे. तिने त्यांना भट्टीतून पाव काढायला शिकवलं, त्यांनी तिला मासळी कशी ओळखायची ते शिकवलं. दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळलेलं नव्हतं. पण विमानाचं तिकीट बॅगेत होतं, आणि बशीरभाई रोज रात्री बॅग उघडून ते आहे ना ते बघत.

मग नगरपालिकेतून बोलावणं आलं. युसुफकडे पासपोर्ट नव्हता, खलाशाचं कामाचं पुस्तक तेवढं होतं. त्यावर तो कोणत्या बोटीवर होता ते होतं, गावी बायको आहे की नाही ते नव्हतं. तिथल्या अधिकाऱ्याला घरच्या माणसाने समोर येऊन, शपथेवर सांगायला हवं होतं. आणि घरचा माणूस सगळ्या हॉलंडमध्ये एकच होता.

आम्ही गेलो. काळ्या कोटातला, चष्मा लावलेला अधिकारी. एका बाजूला युसुफ आणि रीत. युसुफ बशीरभाईंकडे बघत होता. थोरल्या भावाने नुसतं 'मला ठाऊक नाही' म्हटलं असतं तरी सगळं संपलं असतं, आणि खोटं बोलल्याचं पापही फारसं लागलं नसतं.

"तुमच्या भावाचं आधी लग्न झालेलं आहे का?" अधिकाऱ्याने विचारलं.

बशीरभाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"आमचे वडील बोटीवर होते," ते म्हणाले. मी इंग्रजीत सांगायला लागलो. "ते गेले तेव्हा थोरल्याने बोटीवर जायचं, अशी आमच्याकडची पद्धत. थोरला मी. पण मला समुद्र लागतो. मी गेलो असतो तर मेलो असतो. युसुफ तेव्हा एवढासा होता, शाळेत पहिला यायचा. तो आईला म्हणाला, भाईला नको पाठवू, मी जातो. गेला. मी जमिनीवर नोकरी केली, चांगले कपडे घातले, लग्न केलं. तो खाली इंजिनात, तापलेल्या लोखंडाजवळ. कधी गावी आला तरी दोन दिवसांत परत बोटीवर. त्याला लग्न करायला सवड कोणी दिली?"

ते थांबले. त्यांनी युसुफकडे बघितलं, जणू आपण काय बोललो ते आत्ताच ऐकलं.

"त्याने घराकडे कधी काही मागितलं नाय," ते हळू म्हणाले. "हे पहिलं."

अधिकारी चष्मा पुसत होता. "म्हणजे अविवाहित, असं लिहू?" त्याने विचारलं.

"लिहा," बशीरभाई म्हणाले. "आणि लवकर करा. पोशाख मी कुवेतहून आणलाय."

लग्न झालं. रत्नागिरीकडच्या आपल्या गावी जुन्या मशिदीतल्या मौलवींनी शिकवलेलं जेवढं आठवत होतं तेवढं बशीरभाईंनी म्हटलं. पोशाख रीतला घोट्याच्या बराच वर आला. ती त्यात पाववाल्याच्या दुकानात गिर्‍हाईकांना पाव देत फिरली, आणि गावातल्या सगळ्या बायका पाव घ्यायला आल्या.

दुसऱ्या दिवशी सासऱ्याने सायकली काढल्या. कॉफी प्यायला जाऊ म्हणाला. बशीरभाईंना सायकल येत नव्हती, म्हणून ते पाव पोचवायच्या सायकलवर, पुढच्या टोपलीच्या जागी बसले. सासरा चालवत होता, बशीरभाईंचे बूट चकाकत होते. पवनचक्की गेली, बटाट्याची शेतं गेली, आणि आम्ही एका हॉटेलात कॉफी प्यायलो.

"कोणतं गाव हे?" मी युसुफला विचारलं.

"बेल्जियम," तो म्हणाला.

मी कप खाली ठेवला. "आपल्या पासपोर्टावर बेल्जियम लिहिलेलं नाही."

"मग सरहद्द कधी आली?" बशीरभाईंनी विचारलं.

"मघाशी गेली. त्या पवनचक्कीपुढे."

"गेली म्हणजे? कोणी आपल्याला बघितलं पण नाय?"

त्या शेजारच्या देशांनी आपापसातली पासपोर्टाची तपासणी काढून टाकली होती, हे सासऱ्याने समजावून सांगितलं. बशीरभाई उठले आणि पासपोर्ट हातात धरून चालत मागे गेले. आम्ही सगळे त्यांच्यामागे. रस्त्याच्या कडेला एक गुडघाभर उंचीचा दगड होता. तेवढीच सरहद्द. शिपाई नाही, खिडकी नाही, दांडा नाही. बशीरभाई हॉलंडमध्ये गेले. परत बेल्जियममध्ये आले. मग एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून उभे राहिले आणि मोठमोठ्याने हसायला लागले. मला कुठल्याही क्षणी अटक होईल असं वाटत होतं, तरी थोड्या वेळाने मीसुद्धा दगडाच्या इकडून तिकडे उड्या मारत होतो. सासरा, युसुफ, रीत, सगळेच मारत होते.

तेवढ्यात एक म्हातारी दुधाची किटली घेऊन आली. बशीरभाईंनी अदबीने तिच्यापुढे पासपोर्ट धरला. तिने किटली खाली ठेवली, पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणून परत दिला.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

रीतने युसुफला सांगितलं, युसुफने आम्हाला. "फोटोपेक्षा तुम्ही बरे दिसता म्हणाली."

त्या दिवसानंतर बशीरभाई म्हणायचे, त्यांची सर्वांत चांगली तपासणी बेल्जियममध्ये झाली.

आईला सांगायला ते स्वतः गावी गेले. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?" तर अर्धा दिवस ऐकावं लागलं. सार एवढंच की आई बोलली नाही. निघताना मात्र म्हणाली, "दमलाव काय, असं विचारलंन ना तिने? मग बस झालं." बाकी युसुफचं की रीतचं नाव काढलं नाही. असं काही वर्षं चाललं. मग रीतला मुलगी झाली, आणि आईने गावातल्या मास्तरांना बोलावून सांगितलं, माझा पासपोर्ट काढा. नातीला रीत कोण शिकवणार? मास्तर म्हणाले, तिच्या आईचंच नाव रीत आहे. आई म्हणाली, ते नाव झालं.

आई बोटीने कुवेतला आली. छोटीशी, ताठ, हिरव्या काठाच्या लुगड्यातली बाई. बोटीवरून उतरली तेव्हा घरून नुकतीच निघाल्यासारखी टवटवीत. बशीरभाई तिला घेऊन हॉलंडला जाणार होते, या वेळी विमानाने. आठवडाभर ते तिला शिकवत होते. साहेब विचारेल कुठे जाता, मग म्हणायचं हॉलंड. विचारेल कशाला, मग म्हणायचं भेटायला. जास्त बोलायचं नाही. हे बशीरभाई सांगत होते, आणि आम्ही ऑफिसातले सगळे तोंड फिरवून हसत होतो.

मी त्यांना पोचवायला विमानतळावर गेलो. मला पुण्याला दुसरी नोकरी मिळाली होती आणि ते परत येईपर्यंत मी निघालेला असणार होतो. तेव्हा कठड्याबाहेरून सगळं दिसायचं. खिडकीतला अधिकारी तरुण होता. त्याने आईचा पासपोर्ट उघडला आणि हाताने खूण करून विचारलं, कुठे?

बशीरभाईंनी घसा साफ केला आणि एक पाऊल पुढे आले.

"लेकाकडे," आई म्हणाली.

अधिकाऱ्याला मराठी येत नव्हती. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, मान हलवली आणि शिक्का मारला. आईने पासपोर्ट घेतला, पदरात खोचला आणि विमानाकडे चालायला लागली. बशीरभाई अजून बोलत होते. ते वडिलांपर्यंत आले होते, बोटीपर्यंत आले होते, त्यांचे हात हवेत फिरत होते, आणि अधिकारी गालावर हात ठेवून ऐकत होता. मग बशीरभाईंनी मागे वळून बघितलं. आई उन्हात बरीच पुढे गेली होती. त्यांनी खिडकीतला आपला पासपोर्ट उचलला, दोन्ही बॅगा काखोटीला मारल्या, मला हात करायचा म्हणून एक बॅग परत खाली ठेवली, हात केला, बॅग उचलली आणि चकचकीत बुटांनी तिच्यामागे धावत सुटले.